डिझाइनचे प्रयोजन कसे शोधावे, कसे लिहावे आणि केव्हा बदलावे

एखाद्या तालुक्याच्या गावातील दवाखान्याने डिझाइनच्या विद्यार्थ्यांना एक काम दिले आहे असे समजू. कामाचे वाक्य साधे आहे: ‘औषधांच्या पाकिटावरील सूचना रुग्णांना अधिक स्पष्ट कळतील अशा करून द्याव्यात.’ डॉक्टर केसपेपरवर ‘१-०-१’ लिहितात. औषधांच्या खिडकीवरचा कंपाउंडर पट्टी कात्रीने कापून गोळ्या मोजतो, त्या छोट्या कागदी पाकिटात घालतो, पाकिटावर पेनाने रेघा मारतो आणि ‘सकाळी एक, रात्री एक, जेवणानंतर’ असे सांगून पुढच्या माणसाला हाक मारतो. असे काम हाती येताच बहुतेक गट दुसऱ्याच दिवशी उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य आणि चंद्रकोर यांची चित्रे काढून आणतात. चित्रे सुबक असतात. मात्र ती कोणासाठी आणि काय साधावे म्हणून काढली, असे विचारले की उत्तर फिरून मूळ वाक्यापाशी येते: सूचना स्पष्ट व्हाव्यात म्हणून. कामाच्या वाक्यातच प्रयोजन दिलेले आहे आणि आपण फक्त उपाय शोधायचा आहे, हा समज डिझाइन शिकणाऱ्यांच्या मनात फार खोल रुजलेला असतो. प्रस्तुत मार्गदर्शिका तो समज बाजूला ठेवून प्रयोजन शोधण्याची, लिहून काढण्याची आणि कामाच्या ओघात तपासत राहण्याची रीत सांगते. उदाहरण म्हणून हेच पाकीट शेवटपर्यंत हाताशी ठेवले आहे.

तीन शब्द वेगळे करावेत

काम सुरू करण्यापूर्वी कार्य, उद्दिष्ट आणि प्रयोजन हे तीन शब्द एकमेकांपासून वेगळे करून घ्यावेत, कारण बैठकांमध्ये ते सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. कार्य वस्तूचे असते: पाकीट गोळ्या एकत्र ठेवते. उद्दिष्ट प्रकल्पाचे असते आणि ते मोजता येते: दहापैकी नऊ रुग्णांना आपल्या गोळ्यांची वेळ बिनचूक सांगता यावी. प्रयोजन मात्र माणसाचे असते. न्यायसूत्रांनी त्याची केलेली व्याख्या डिझाइनच्या वर्गात आजही जशीच्या तशी चालते: ‘यमर्थमधिकृत्य प्रवर्तते तत् प्रयोजनम्’, म्हणजे ज्या अर्थाला समोर ठेवून कोणी कृतीस प्रवृत्त होतो ते प्रयोजन. न्यायदर्शनाच्या सोळा पदार्थांत, म्हणजे विचाराच्या विषयांत, प्रयोजनाचा क्रम संशयाच्या लगेच नंतर येतो. हा क्रम आपल्यालाही सोयीचा आहे, कारण मिळालेल्या वाक्याविषयी संशय घेतल्याशिवाय प्रयोजनाचा शोध सुरूच होत नाही.

शास्त्रग्रंथांच्या आरंभी सांगितले जाणारे अनुबंधचतुष्टयही येथे उपयोगी पडते. विषय कोणता, प्रयोजन काय, विषयाचा आणि प्रयोजनाचा संबंध काय आणि अधिकारी, म्हणजे ग्रंथ ज्याच्यासाठी आहे तो पात्र वाचक, कोण, हे चार प्रश्न ग्रंथकाराने आधी सोडवावेत अशी ती परंपरा आहे. डिझाइनचे काम देणारा बहुधा फक्त विषय देतो. उरलेली तीन खणे रिकामीच असतात, आणि ती रिकामी आहेत हे ओळखून कागदावर चार चौकटी आखणे ही या रीतीची पहिली प्रत्यक्ष कृती होय.

सिद्धान्तांत प्रयोजनाची जागा

डिझाइनविषयक सिद्धान्त प्रयोजनाबाबत एकमताचे नाहीत, आणि त्यांतील मतभेद ठाऊक असल्यास काम करणाऱ्याला बराच फायदा होतो. हर्बर्ट सायमन यांनी १९६९ मध्ये कृत्रिम वस्तूंच्या शास्त्राची मांडणी करताना असे दाखवले की मानवनिर्मित वस्तू समजून घेण्यासाठी तीन गोष्टींचे नाते पाहावे लागते: तिचे प्रयोजन, तिची आतली रचना आणि ती जेथे चालायची ते बाहेरचे वातावरण. घड्याळाचे त्यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. वेळ सांगणे हे प्रयोजन एकच असले तरी छायेवर चालणारे घड्याळ स्वच्छ उन्हाच्या प्रदेशात उपयोगी, आणि जहाजावरच्या घड्याळाला हेलकावे सोसता आले पाहिजेत. आपल्या पाकिटाला हा विचार लावला की लगेच ध्यानात येते की दवाखान्याच्या खिडकीपाशी स्पष्ट असलेली सूचना रात्री मिणमिणत्या दिव्याखाली स्पष्ट राहतेच असे नाही. वातावरण बदलले की त्याच प्रयोजनासाठी वेगळी रचना लागते.

सायमन यांच्या मूळ मांडणीचा भर दिलेल्या ध्येयाकडे नेणारा समाधानकारक मार्ग शोधण्यावर होता. त्याला छेद देणारी मांडणी होर्स्ट रिटेल आणि मेल्विन वेबर यांनी १९७३ मध्ये केली. सामाजिक नियोजनातले प्रश्न गणितासारखे आधी मांडून मग सोडवता येत नाहीत, प्रश्नाची मांडणी हाच खरा प्रश्न असतो, असे त्यांनी म्हटले आणि अशा प्रश्नांना ‘विकेड’ हे विशेषण दिले. मराठीत त्यांना चकवा देणारे प्रश्न म्हणता येईल, कारण रानात चकवा लागलेला माणूस जसा फिरून त्याच झाडापाशी येतो तसे येथेही होते. डोनल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये हाच धागा व्यवसायांच्या अंगाने पुढे नेला: कुशल व्यावसायिक प्रश्न सोडवण्याआधी प्रश्न बसवतो, म्हणजे कशाकडे लक्ष द्यायचे आणि कोणत्या चौकटीतून पाहायचे हे ठरवतो. स्वतः सायमन यांनीही पुढच्या आवृत्तीत अंतिम ध्येयाशिवाय डिझाइन करण्याचा विचार मांडला, हे त्यांच्यावर टीका करणारे पुष्कळदा विसरतात.

केस डॉर्स्ट यांची मांडणी कामाच्या दृष्टीने मला सर्वांत हाताळण्याजोगी वाटते. ‘काय’ आणि ‘कसे’ यांची बेरीज म्हणजे ‘मोल’, असे एक समीकरण त्यांनी घेतले. सामान्य तर्कात पहिली दोन पदे ठाऊक असतात व तिसरे काढायचे असते. डिझाइनमध्ये मात्र पुष्कळदा शेवटचे मोल तेवढे ठाऊक असते आणि वस्तू कोणती व ती कशी चालणार ही दोन्ही पदे अज्ञात असतात. म्हणजे प्रयोजन हाच एक आधार उरतो. पण तो आधारही स्थिर नसतो, हे डॉर्स्ट आणि नायजेल क्रॉस यांनीच २००१ च्या एका अभ्यासात दाखवले. नऊ अनुभवी औद्योगिक डिझाइनरांना डच रेल्वेच्या डब्यातील कचऱ्याची व्यवस्था करण्याचे काम दिले गेले. काम करता करता वाचून टाकलेली वर्तमानपत्रे इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवावीत ही कल्पना अनेकांना सुचली, आणि ती आपल्यालाच सुचली असे त्यांना वाटले. येथे उपायाचा एक तुकडा हाती आला आणि त्याने प्रश्न बदलला: कचरा कोठे टाकावा या प्रश्नातून कचरा कशाला म्हणावे हा प्रश्न निघाला. प्रश्न आणि उपाय जोडीने वाढतात, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

प्रयोजन आधी ठरते की कामातून उमलते, हा वाद वर्गात रंगतो. व्यवहारात दोन्ही बाजू आपापल्या वेळी खऱ्या ठरतात. माझा सल्ला असा की प्रयोजन पहिल्याच आठवड्यात लिहावे आणि पेन्सिलीने लिहावे. न लिहिलेले प्रयोजन बदलले तरी कोणाच्या लक्षात येत नाही, हा पहिल्या सूचनेमागचा हेतू. आणि शाईने लिहिलेले प्रयोजन खोडायला माणूस कचरतो, हा दुसऱ्या सूचनेमागचा.

‘का’ची फोड करावी

कामाच्या मागचे प्रयोजन शोधण्यासाठी पुन्हा पुन्हा ‘का’ विचारावे असे सर्वत्र सांगितले जाते. टोयोटाच्या कारखान्यांतून प्रसिद्ध झालेली पाच वेळा ‘का’ विचारण्याची रीत अनेकांना ठाऊक असते, आणि ती येथे जशीच्या तशी वापरली की हमखास घोटाळा होतो. ती रीत बिघाडाचे मूळ कारण शोधण्यासाठी आहे, म्हणजे तिची नजर मागे असते. मराठीत या बाबतीत एक सोय आहे. आपल्याकडे ‘का’ या एका शब्दाचे ‘कशामुळे’ आणि ‘कशासाठी’ असे दोन स्वच्छ तुकडे पडतात. ‘रुग्णाने रात्रीची गोळी चुकवली, कशामुळे?’ याचे उत्तर ‘अंधारात रेघा दिसल्या नाहीत’ असे येते. ‘रात्रीची गोळी घ्यायची, कशासाठी?’ याचे उत्तर ‘रात्री खोकल्याने झोपमोड होऊ नये म्हणून’ असे येते. पहिले उत्तर दोष दाखवते आणि दुसरे प्रयोजन.

मुलाखत घेताना दोन्ही प्रश्न विचारावेत, मात्र उत्तरे वेगवेगळ्या पानांवर उतरवावीत. ज्या गटांची सगळी पाने ‘कशामुळे’च्या उत्तरांनी भरलेली असतात, ते शेवटी फक्त दुरुस्ती करतात. दुरुस्ती हे वाईट काम नव्हे, पण ती दुरुस्ती आहे हे स्वतःला माहीत असावे.

शिडी बांधावी आणि पायरी निवडावी

यानंतर वस्तूचे नाव बाजूला ठेवून तिच्या कामाची क्रियापदे लिहावीत. ही युक्ती मूल्य-विश्लेषणातून, म्हणजे वस्तूचे काम न बिघडवता तिचा खर्च कमी करण्याच्या पद्धतीतून, आलेली आहे. जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील लॉरेन्स माइल्स यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस ती रूढ केली; वस्तूचे प्रत्येक कार्य एक क्रियापद आणि एक नाम एवढ्यातच सांगायचे, असा त्यांचा नियम होता. पाकिटाची अशी यादी केल्यास ‘गोळ्या धरणे’, ‘वेळ सांगणे’, ‘प्रमाण सांगणे’, ‘आठवण देणे’, ‘औषध ओळखणे’ अशा जोड्या मिळतात. यादी करताना एक गोष्ट कोणाच्या तरी ध्यानात येतेच: पट्टी कापल्यावर औषधाचे नाव व मुदतीची तारीख दुसऱ्याच तुकड्यावर राहू शकते, म्हणजे ‘औषध ओळखणे’ हे कार्य सध्याचे पाकीट करतच नाही.

मग यांतील एक जोडी घेऊन वर चढत जावे. प्रत्येक पायरीवर ‘हे कशासाठी?’ असे विचारायचे आणि उत्तर त्याच्या वर लिहायचे. पाकिटावर खूण करणे कशासाठी, तर रुग्णाला वेळ कळावी म्हणून. वेळ कळणे कशासाठी, तर योग्य वेळी योग्य गोळी पोटात जावी म्हणून. ते कशासाठी, तर औषधांचा पूर्ण क्रम पार पडावा म्हणून. तो कशासाठी, तर आजार हटावा म्हणून. तो कशासाठी, तर माणूस पुन्हा कामाला लागावा म्हणून. शिडी बांधून झाल्यावर उलट दिशेने, वरून खाली, ‘हे कसे?’ असे विचारत उतरावे. उतरताना एखादी पायरी डळमळीत वाटली तर तेथे काहीतरी निसटले आहे असे समजावे. आपल्या शिडीत ‘वेळ कळणे’ आणि ‘गोळी पोटात जाणे’ यांच्यामध्ये मोठी फट आहे. वेळ कळूनही माणूस गोळी विसरतो, टाळतो, किंवा बरे वाटू लागले म्हणून सोडून देतो. सूर्य-चंद्राची चित्रे त्या फटीच्या खालच्या बाजूलाच राहतात.

आता प्रश्न असा की कोणत्या पायरीवर उभे राहून काम करावे. अमेरिकेतील जेराल्ड नॅडलर आणि जपानमधील शोझो हिबिनो यांनी प्रयोजनांचा असा चढता क्रम लावून त्यातील आपल्या आवाक्यातले सर्वांत मोठे प्रयोजन निवडावे असे सुचवले आहे. हा नियम चांगला आहे, फक्त ‘आवाका’ या शब्दाकडे प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. हाती किती महिने आहेत, पैसा किती आहे, आणि दवाखान्यात कोणत्या गोष्टीला हात लावण्याची मुभा आहे, हे आधी विचारून घ्यावे. ‘निरोगी समाज घडवणे’ ही पायरी भाषणाला शोभते, पण तिच्यावरून कोणताही कागद कसा कापावा हे ठरत नाही. आपल्या उदाहरणात चार महिन्यांच्या विद्यार्थी-प्रकल्पाने ‘औषधांचा पूर्ण क्रम पार पडणे’ या पायरीवर उभे राहावे असे मला वाटते.

प्रयोजन कोणाचे, ते वेगवेगळे लिहावे

संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने काव्याची सहा प्रयोजने सांगितली आहेत, हे साहित्यशास्त्र शिकलेल्यांना आठवत असेल. त्यांतले यश आणि अर्थ ही कवीच्या वाट्याला येतात, तर व्यवहारज्ञान आणि उपदेश वाचकाच्या. एकाच कृतीची प्रयोजने वेगवेगळ्या माणसांकडे वाटलेली असतात, ही गोष्ट डिझाइनच्या कागदपत्रांत मात्र ‘वापरकर्ता’ या एका शब्दाखाली गाडली जाते.

पाकिटाच्या बाबतीत निदान चार माणसे आहेत. डॉक्टरांना आपण लिहिलेले उपचार पूर्ण व्हावेत असे वाटते. कंपाउंडरला खिडकीपुढची रांग दुपारच्या आत संपवायची असते, आणि हे प्रयोजन क्षुल्लक मानणारा गट हमखास अपयशी ठरतो, कारण नवे पाकीट वापरायचे की नाही हे अखेर तोच ठरवणार असतो. रुग्णाला बरे व्हायचे असते, पण त्याचबरोबर आपल्या आजाराची वाच्यता होऊ नये असेही वाटू शकते. चौथा माणूस बहुधा यादीतच नसतो: घरी प्रत्यक्ष गोळी काढून हातावर ठेवणारी सून, नात किंवा शेजारीण. तिने खिडकीवरचे तोंडी सांगणे ऐकलेलेच नसते. प्रत्येकाचे प्रयोजन त्याच्याच तोंडी, प्रथमपुरुषी वाक्यात लिहावे आणि ती वाक्ये शेजारी शेजारी ठेवावीत. जेथे दोन वाक्ये एकमेकांच्या आड येतात तेथे खूण करावी. त्या खुणा म्हणजे पुढच्या कामाचा खरा आराखडा असतो.

बनवणाऱ्याचे प्रयोजन आणि वापरणाऱ्याचे प्रयोजन यांतही अंतर पडते. साडी नेसण्यासाठी विणली जाते, मग तिची झोळी होते आणि शेवटी गोधडी होते. विणकराने यांतले काहीच योजलेले नसते. वस्तूबरोबर आपण तिच्या वापराची एक योजनाही देत असतो आणि लोक ती आपल्या गरजेप्रमाणे बदलतात, हे गृहीत धरून चालावे.

पाहायला जावे

मुलाखतींतून माणसे आपली प्रयोजने अर्धीच सांगतात. उरलेली पाहावी लागतात. भारत सरकारच्या निमंत्रणावरून चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझाइनर दांपत्याने १९५८ मध्ये जो अहवाल दिला, आणि ज्यातून पुढे १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली, त्यात त्यांनी लोट्याचा विचार केला आहे. किती पाणी आणायचे, ते डोक्यावरून की कमरेवरून न्यायचे, धरणाऱ्याचे हात केवढे, भरलेला असताना व रिकामा असताना तोल कोठे राहतो, ओतताना धार कशी पडते, हाताला कसा लागतो, मोडीत घातल्यावर काय मिळते, अशा प्रश्नांची लांब मालिका त्यांनी मांडली आणि असा लोटा कोणा एका माणसाने डिझाइन केलेला असणे शक्य नाही, तो पिढ्यांनी घडवला आहे, असे म्हटले. आपल्या घरातल्या तांब्याकडे असे पाहता येते, तसेच रुग्णाच्या घरातल्या औषधांच्या डब्याकडेही पाहावे.

पाहण्यातून प्रयोजनाचे वाक्य कसे पालटते, याचे जयपूर फूटइतके चांगले उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही. १९६० च्या दशकात जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात अस्थिशल्यचिकित्सक डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी या कृत्रिम पावलावर काम केले. त्या वेळी उपलब्ध असलेले पाश्चात्त्य पद्धतीचे पाऊल बुटात घालण्यासाठी बनवलेले होते व त्याचा घोटा ताठ असे. ‘पाय गमावलेल्या माणसाला पुन्हा चालता यावे’ एवढेच प्रयोजन धरले तर ते पाऊल पुरेसे होते. पण येथला माणूस उकिडवा बसतो, जेवायला मांडी घालतो, घरात आणि देवळात अनवाणी वावरतो, चिखलाच्या शेतात उभा राहतो. बुटाशिवाय न चालणारे पाऊल त्याच्या या सगळ्या दिवसात कोठेच बसत नव्हते. ‘चालता यावे’ या वाक्याच्या जागी ‘आपल्या नेहमीच्या रीतीने बसता, उठता आणि काम करता यावे’ हे वाक्य ठेवल्याबरोबर गुणांची यादीच बदलते: बुटाशिवाय वापरता येणारे, पाण्याला न जुमानणारे, अनेक दिशांना वाकणारे आणि दिसायला पावलासारखे पाऊल हवे. व्हल्कनाइज केलेल्या रबराचे पाऊल या यादीला उत्तर देते. डॉ. सेठी यांना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

पाहून आल्यावर काय लिहावे, हे क्रिस्टोफर अलेक्झांडर यांच्याकडून शिकण्यासारखे आहे. वस्तू परिस्थितीत चपखल बसली आहे हे सांगणे अवघड असते, पण ती कोठे खुपते हे चटकन दाखवता येते, असे त्यांनी १९६४ मध्ये मांडले आणि भारतातील एका खेड्यासाठी अशा १४१ गरजांची यादी करून दाखवली. आपल्यालाही अशी खुपणाऱ्या गोष्टींची यादी करता येते. दोन पांढऱ्या गोळ्या दिसायला सारख्याच आहेत. घामाने शाई पसरते. ‘जेवणानंतर’ असे सांगितले, पण शेतावर जाणारा माणूस सकाळी भाकरी बांधून नेतो आणि अकराला खातो. चतुर्थीला दिवसभर उपवास असतो, मग दुपारच्या गोळीचे काय करायचे? गोळी घेण्याआधीचे आणि घेतल्यानंतरचे पाकीट सारखेच दिसते, म्हणून आजची गोळी घेतली की नाही हे म्हाताऱ्या माणसाला संध्याकाळी आठवत नाही. ही शेवटची नोंद फार मोलाची आहे, कारण मूळ वाक्यात सूचना कळण्याचा विषय होता आणि येथे घेतलेल्या गोळीची आठवण ही वेगळीच गरज वर आली.

वाक्य लिहावे आणि त्याची परीक्षा घ्यावी

आता पहिले पक्के वाक्य लिहिता येईल. जगभर शिकवल्या जाणाऱ्या डिझाइन थिंकिंगच्या पाच टप्प्यांत, म्हणजे माणसाला समजून घेणे, प्रश्न निश्चित करणे, कल्पना काढणे, नमुना बनवणे आणि चाचणी घेणे यांत, हे काम दुसऱ्या टप्प्याचे आहे. अर्ध्या दिवसाच्या कार्यशाळांमध्ये त्याला चहाच्या सुट्टीएवढाच वेळ मिळतो, हे त्या पद्धतीचे दुर्दैव. वाक्यात माणूस कोण, परिस्थिती कोणती, त्याला काय शक्य व्हावे आणि हे साधताना काय बिघडू नये, एवढे यावे. उपायाचे नाव येऊ नये. आपले वाक्य असे होऊ शकते:

‘ज्याला वाचता येत नाही किंवा अंधुक दिसते अशा रुग्णाला, घरात दुसरे कोणी नसतानाही, आत्ता कोणती गोळी घ्यायची आणि आजची घेतली आहे की नाही हे स्वतःच्या दिनक्रमावरून ओळखता यावे, म्हणजे औषधांचा क्रम मध्येच तुटणार नाही, हे करताना खिडकीवर एका रुग्णामागे आताहून अधिक वेळ लागू नये आणि पाकीट पाहून परक्याला आजार कळू नये.’

या वाक्याची तीन प्रकारे परीक्षा घ्यावी. त्याला पूर्ण करणारे, एकमेकांहून अगदी वेगळे असे निदान तीन उपाय सुचतात का, हे आधी पाहावे. एकच उपाय सुचत असेल तर तो उपाय वाक्यात लपून बसला आहे. मग या वाक्याच्या आधारे एखादा आकर्षक प्रस्ताव नाकारता येतो का, हे पाहावे. सूर्य-चंद्राची चित्रे येथे अपुरी ठरतात, कारण घेतलेली गोळी ती दाखवत नाहीत. तिसरी परीक्षा सोपी वाटते आणि सर्वांत जास्त टाळली जाते: ज्याच्याविषयी वाक्य लिहिले त्या माणसाला ते वाचून दाखवावे.

मोजमाप ठरवताना विशेष सावध राहावे. भारताच्या क्षयरोग कार्यक्रमात वापरली गेलेली ‘नाइन्टीनाइन डॉट्स’ ही पद्धत या बाबतीत अभ्यासण्यासारखी आहे. रुग्णाने आरोग्यकर्मचाऱ्यासमोर गोळी गिळावी, ही जुनी पद्धत होती, आणि त्यासाठी त्याला केंद्रावर जावे लागे. नव्या पद्धतीत गोळ्यांच्या पट्टीला एक कागदी वेष्टन जोडले. गोळी दाबून काढली की तिच्यामागे दडलेला फोन क्रमांक दिसतो आणि रुग्णाने त्यावर मोफत फोन करायचा. क्रमांक आधी ओळखता येत नसल्याने फोन आला म्हणजे गोळी बाहेर निघाली असे समजता येते. प्रयोजन ‘कोणीतरी पाहणे’ या पायरीवरून ‘गोळी घेतल्याचे कळणे’ या वरच्या पायरीवर नेले, हे या डिझाइनचे मोठेपण आहे, आणि तेही एका कागदी वेष्टनाच्या जोरावर. मात्र निघालेली गोळी आणि गिळलेली गोळी एकच नव्हे. तसेच गोळी घेऊनही फोन न करणारा रुग्ण असतोच. म्हणून मोजमाप आणि प्रयोजन वेगवेगळ्या ओळींवर लिहावे आणि त्यांच्यामधले अंतर काय आहे ते तिसऱ्या ओळीवर नोंदवावे.

वाक्य केव्हा बदलावे

पहिला कच्चा नमुना उपाय सिद्ध करण्यासाठी बनवू नये. तो प्रयोजनाला प्रश्न विचारण्यासाठी बनवावा. पुठ्ठ्याचा, हाताने चिकटवलेला नमुना दोन घरी आठवडाभर ठेवला तर वाक्यातली कोणती गृहीतके खोटी होती ते कळते. कदाचित असे दिसेल की घरात दुसरे कोणी नसण्याची परिस्थिती विरळाच आहे, आणि अडचण उलटी आहे: गोळ्या देणारी माणसे तीन आहेत व प्रत्येकाला वाटते की दुसऱ्याने दिली असेल. तसे असेल तर वाक्य बदलावे लागेल, कारण माणसाविषयीचे आपले ज्ञान बदलले.

पण नमुना जमला नाही म्हणून वाक्य बदलण्याचा मोह फार प्रबळ असतो. नाचता येईना अंगण वाकडे, तसा हा प्रकार. तो ओळखण्यासाठी एक साधी वही पुरते. प्रत्येक बदलाची तारीख, जुने वाक्य, नवे वाक्य आणि बदलास भाग पाडणारे निरीक्षण, असे चार रकाने आखावेत. चौथ्या रकान्यात घराविषयी किंवा माणसाविषयी काही लिहिलेले असेल तर बदल ग्राह्य धरावा. तेथे आपल्या वेळेची, छपाईची किंवा परीक्षकांची अडचण लिहिलेली असेल तर वाक्य तसेच ठेवावे आणि आपण ते पूर्णपणे साधू शकलो नाही असे अहवालात स्वच्छ नोंदवावे. अशी वही नसली की प्रयोजन शेवटच्या रात्री सादरीकरणासाठी लिहिले जाते. ते वरातीमागून घोडे कोणाच्याही उपयोगाचे नसते.

कधी कधी वही असे दाखवते की कामच नाकारले पाहिजे. व्हिक्टर पापानेक यांनी १९७१ मध्ये डिझाइनरांना विचारलेला कठोर प्रश्न, म्हणजे ज्याची गरज नाही ते आपण का बनवतो, हा येथे लागू पडतो. दवाखान्यात औषधांचाच तुटवडा असेल आणि रुग्णाला महिन्याच्या जागी दहा दिवसांच्या गोळ्या मिळत असतील, तर ‘क्रम पार पडणे’ पाकिटाच्या हाती नाही. ही गोष्ट काम देणाऱ्याला सांगणे अवघड असले तरी ती लेखी सांगावी.

हाती काय द्यावे

रिटेल आणि वेबर यांच्या म्हणण्याप्रमाणे चकवा देणाऱ्या प्रश्नांना थांबण्याचा नियम नसतो. वेळ किंवा पैसा संपतो म्हणून आपण थांबतो. म्हणून काम सोपवताना नव्या पाकिटाच्या नमुन्यासोबत प्रयोजनाचे शेवटचे वाक्य आणि ती चार रकान्यांची वहीदेखील दवाखान्याला द्यावी. पुढे कागद महागला किंवा औषधे बदलली की कंपाउंडर पाकिटात फेरफार करणारच. काय बदलले तरी चालेल आणि काय बदलू नये हे त्याला वाक्यावरून ठरवता येईल. शक्य असल्यास सहा महिन्यांनी दोन-चार घरी पुन्हा जावे आणि पाकिटे कोठे ठेवली आहेत एवढेच पाहावे. एखाद्या घरी ती देव्हाऱ्याशेजारी, उदबत्तीच्या पुड्याला टेकून ठेवलेली दिसतील, कारण सकाळची पूजा आणि सांजवात यांच्या वेळाच त्या बाईने गोळ्यांच्या वेळा म्हणून धरलेल्या असतील. तसे दिसल्यास वहीत तारीख घालून नोंद करावी आणि ‘स्वतःच्या दिनक्रमावरून’ या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढून ते वाक्य पुन्हा एकदा वाचावे.